दमट हवेत टिकेल असं अडुळशाचं सिरप

काढा सगळ्यांना येतो. आलं, तुळस, गवती चहा, चार मिरी. उकळलं, गाळलं, गूळ घालून प्यायलं, विषय संपला. अडचण येते ती रात्री दोन वाजता. घरात कुणाला तरी खोकल्याची उबळ आलेली असते, बाहेर पाऊस कोसळतोय, लाइट गेलेली आणि मागीलदारच्या तुळशीपर्यंत जायला टॉर्च सापडत नाही. अशा वेळी चमचाभर काढून द्यायला तयार बाटली हवी. सिरप म्हणजे हेच, साखरेत टिकवलेला काढा.

खरी गोम टिकवण्यातच आहे. घाटावरच्या कोरड्या हवेत जे सिरप निवांत राहतं, ते आपल्याकडे कोकणात आषाढात बघता बघता बुरशी धरतं. म्हणून इथे झाडपाल्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, साखर, पाणी आणि बाटली यांच्याबद्दल सांगणार आहे. अंदाजपंचे स्वयंपाक करणाऱ्यांनी आधी एक वजनकाटा आणावा. स्वयंपाकघरात वापरतात तो साधा बॅटरीवरचा चालतो.

आधी हे वाचा

सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुतेकांची सात ते दहा दिवसांत आपोआप जाते. सर्दी औषधाने आठवड्यात बरी होते आणि औषधाशिवाय सात दिवसांत, हा जुना विनोद खोटा नाही. सिरप विषाणू मारत नाही. घशाला लेप बसतो, कोरडी खाज थांबते, आल्या-मिरीची ऊब मिळते, कफ थोडा सैल होतो आणि झोप लागते. एवढंही काही कमी नाही.

अडुळशाबद्दल मात्र दोन शब्द जास्त. त्याच्या पानांत वासिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या रचनेवरूनच ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं आणि पुढे त्यातून अँब्रॉक्सॉल आलं. कफ पातळ करायला डॉक्टर लिहून देतात त्या बाटल्यांवर ही नावं सापडतील. म्हणजे आजीचा अडुळसा वाऱ्यावरचा नव्हता. पण चार पानं उकळली म्हणून मोजून-मापून केलेल्या औषधाइतका परिणाम मिळेल, असंही कुणी समजू नये.

आता कुणाला द्यायचं नाही ते. गरोदर बाईला अडुळसा अजिबात नको, त्याने गर्भाशयाचं आकुंचन होऊ शकतं. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, अगदी बोटावरचासुद्धा. मधात असणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होतो. घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत हे माहीत आहे, तरी ऐकवा. ज्यांना ब्लडप्रेशर आहे त्यांच्या सिरपात ज्येष्ठमध घालू नका, त्याने रक्तदाब वाढतो. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर आलं-हळदीचं रोजचं सिरप सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह्यांसाठी हिशेब सरळ आहे: चहाच्या एका चमचाभर सिरपात चार ग्रॅमच्या आसपास साखर जाते. त्यांनी बिनसाखरेचा ताजा काढा प्यावा, ते बरं.

पाच वर्षांखालच्या मुलांना हे सिरप द्यायचं नाही, हा माझा नियम. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने लहान मुलं दगावली. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं होतं. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा नकोतच. ते ऐकून अनेक घरांतून घरच्या सिरपाची चौकशी सुरू झाली, हे चांगलंच झालं. पण घरचं आहे म्हणून तान्ह्या पोरालाही चालेल, असा अर्थ त्यातून काढू नका. लहान मुलाला वाफ नको, औषध नको. पाणी, पेज, अंगावरचं दूध, आणि श्वास जोरात चालत असेल तर थेट दवाखाना.

कोकणात आणखी एक गोष्ट. लावणीच्या दिवसांत चिखलात काम करून आलेल्या माणसाला ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या ठणकायला लागल्या, तर तो फ्लू धरून बसू नका. तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो आणि लेप्टो अंगावर काढायचा आजार नव्हे. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे (जंगलातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या तापाचे) रुग्णही सापडत आले आहेत; तिथे काजूच्या दिवसांत, जंगलात जाऊन आल्यावर चढलेला ताप तपासूनच घ्यावा. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर बेडका तपासणी करून घ्या, सरकारी केंद्रात ती फुकट होते. धाप लागणं, बेडक्यात रक्त, तीन दिवसांनंतरही न उतरणारा ताप, यांतलं काहीही असेल तर सिरपाची बाटली कपाटात राहू दे.

परसातून काय तोडायचं

अडुळसा बहुतेक वाड्यांत गडग्याला लागून असतो. गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला लावायची पद्धत. पान लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं, वितीच्या आसपास, आणि देठं समोरासमोर जोडीने. फुलं पांढरी, ओठांसारखी उघडलेली, खालच्या ओठावर जांभळट रेघा. ओळख पटत नसेल तर फुलं येईपर्यंत थांबा किंवा जाणत्या माणसाला दाखवा. त्याच गडग्यावर पिवळी कण्हेर आणि मोगली एरंडही उभे असतात, आणि दोन्ही विषारी. साधी खूण सांगतो: पान तोडल्यावर देठातून चीक आला तर तो अडुळसा नव्हे. अडुळशाला चीक नसतो. चव कडू जहर, ती चाखून बघायची मात्र शेवटी, ओळख पटल्यावर.

पानं मधली घ्या. टोकाची कोवळी पाणचट असतात आणि बुंध्याकडच्या जून पानांवर पावसात शेवाळ-बुरशीचे ठिपके असतात. रस्त्याकडेच्या झुडपाची घेऊ नका, आणि आंब्या-काजूवर फवारणी झालेली असेल तर त्या बाजूची तर नकोच.

तुळस काळी असो की पांढरी, दोन्ही चालतात. मंजिरी आली असेल तर तीही घ्या, वास तिच्यातच जास्त. गवती चहाच्या पात्यांच्या कडा हात कापतात, तेव्हा मुळाशी विळ्याने कापा. ओवाचं पान, ते जाड, लवदार, चुरडल्यावर ओव्यासारखा वास येणारं, कुंडीत असेल तर दोन पानं टाका, नसेल तर अडत नाही.

मसाल्याच्या बाबतीत आपण नशीबवान. पोफळीवर चढलेला मिरीचा वेल, बांधावरचं दालचिनीचं झाड, कुणाच्या तरी आगरात जायफळ. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने माडांच्या सावलीत मसाल्याची झाडं लावायची ‘लाखी बाग’ लोकांपुढे ठेवली, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात आता बऱ्याच बागांत दिसते. घरची दालचिनी पातळ सालीची, गोडसर असते. किराणा दुकानातली जाड, लाकडासारखी साल बहुधा कॅसियाची असते. तिच्यात कूमारीन जास्त, जे फार दिवस घेतलं तर यकृताला बरं नव्हे. थोडक्या सिरपाला दोन्ही चालते, पण घरची असताना दुकानाची कशाला?

साधारण साडेतीनशे मिली सिरपासाठी हे प्रमाण:

पाणी ६०० मिली
अडुळशाची ५-६ मोठी पानं
आलं ३० ग्रॅम
तुळशीची वीसेक पानं, मंजिऱ्यांसह
गवती चहाची २ पाती
काळी मिरी ८ दाणे, लवंगा ३, पिंपळी १
दालचिनी बोटाच्या एका पेराएवढी
ज्येष्ठमधाची करंगळीएवढी काडी (ब्लडप्रेशरवाल्यांसाठी वगळा)
साखर किंवा खडीसाखर ३०० ग्रॅम
लिंबाचा रस १ चहाचा चमचा

हळद घालायची तर ओल्या हळदीचं एक पेर पुरे. तिने रंग छान येतो, चव मात्र मातकट होते. मी घालत नाही. लसूण, कांदा, तिरफळ यांचे प्रयोग लोक करतात. तिरफळ बांगड्याच्या तिखल्यातच शोभतं.

बाटली, आदल्या दिवशी

काचेच्या लहान बाटल्या घ्या, शंभर मिलीच्या तीन-चार. एका मोठ्या बाटलीपेक्षा या बऱ्या, कारण उघडलेली बाटलीच बिघडते, बाकीच्या बंद राहतात. पत्र्याचं झाकण आतून गंजलेलं असेल तर टाकून द्या. लोणच्याची बरणी वापरू नका, तो वास सात धुण्यांनी जात नाही.

बाटल्या आणि झाकणं साबणाने धुऊन मोठ्या टोपात पाण्यात बुडवा आणि पाणी उकळायला लागल्यापासून दहा मिनिटं ठेवा. काढल्यावर त्या पालथ्या घाला आणि वाळू द्या. हे ‘वाळू द्या’ पावसाळ्यात बोलायला सोपं आहे. हवेतच इतकी ओल असते की पालथी बाटली दुसऱ्या दिवशीही आतून घाम आल्यासारखी असते. फडक्याने पुसू नका, फडक्याचे तंतू आणि जंतू आत जातात. उपाय असा: तवा मंद आचेवर ठेवा, त्यावर जाळी किंवा दुमडलेलं फडकं, त्यावर बाटल्या उताण्या. दहा-पंधरा मिनिटांत आतली वाफ निघून जाते. ओव्हन असेल तर शंभर अंशावर तेवढाच वेळ, मात्र प्लॅस्टिकची झाकणं बाहेर ठेवा. चूल असेल तर उत्तम. वैलावर रात्रभर ठेवलेली बाटली सकाळी खडखडीत कोरडी मिळते.

कोकणात सिरप नासण्याचं पहिलं कारण हेच, बाटलीत राहिलेलं पाणी.

काढा उतरवणं

स्टीलचं पातेलं घ्या. पुढे लिंबू घालायचं आहे, तेव्हा अॅल्युमिनियम किंवा कल्हई नसलेलं पितळ-तांबं नको.

आता माप. काढा ६०० वरून १५० मिलीवर आणायचा आहे, पण उकळत्या पातेल्यात किती उरलंय ते डोळ्यांना कळत नाही. पातेल्यात आधी फक्त १५० मिली पाणी घाला. माडाचा एक स्वच्छ हीर, म्हणजे झावळीच्या पात्याची काडी, उभा धरा आणि पाणी जिथपर्यंत भिजवतं तिथे नखाने खूण करा. मग उरलेलं ४५० मिली पाणी ओता. काढा आटत आला की गॅस बारीक करून पाला एका बाजूला सारायचा आणि हीर बुडवून बघायचा. चार-पाच मिलीचा फरक पडला तरी चालतो, कारण शेवटी वजन करणारच आहोत.

कठीण ते आधी, नाजूक ते शेवटी, हा क्रम पाळा. मिरी, लवंग, पिंपळी, दालचिनी, ज्येष्ठमध खलबत्त्यात जाडसर कुटा. पूड करू नका, गाळताना गाळ येतो. आलं धुऊन, साल खरवडून किसा. अडुळशाची पानं धुऊन हातानेच फाडून घाला. हे सगळं पाण्यात पडलं की आधी मोठी उकळी, मग मध्यम आच. झाकण नको, पाणी उडून जायलाच हवं. पाऊण तासाच्या आसपास लागतो, पातेलं पसरट असेल तर कमी.

खुणेपर्यंत आटलं की गॅस बंद करा आणि तेव्हाच तुळस, गवती चहा, ओवाचं पान चुरडून आत टाका. लगेच घट्ट झाकण. या पानांचा गुण त्यांच्या सुगंधी तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडतं. तुळस सुरुवातीपासून तासभर उकळणाऱ्यांच्या अख्ख्या घराला काय छान वास सुटतो! तो वास म्हणजे बाटलीत जायला हवं होतं ते. दहा मिनिटं झाकून ठेवा. झाकण काढताना आतल्या बाजूचे थेंब पातेल्यातच पडू द्या.

गाळणीत मलमलचं फडकं घालून गाळा आणि फडकं पिळून घ्या. गाळलेला काढा पंधरा मिनिटं हलवू नका. तळाशी आल्या-मसाल्याचा बारीक साका बसेल. तो सिरपात गेला तर सिरप गढूळ होतं आणि बुरशीलाही खाऊ मिळतो. वरचं निवळ अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता, तळचं चमचाभर सोडून द्या.

ज्यांना अडुळसा जास्त हवा त्यांच्यासाठी एक जुनी रीत. अडुळशाचं कच्चं पान पाट्यावर कितीही वाटलं तरी रस सुटत नाही, नुसता चोथा होतो. पण मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवून गरम असतानाच कुटून पिळलं की गडद हिरवा रस निघतो. आयुर्वेदात पानं गुंडाळून निखाऱ्यात भाजून रस काढतात, त्याचंच हे सोपं रूप. तो रस काढ्यात मिसळून मगच वजन करा. चव मात्र अशी कडू होते की साखरही हात टेकते.

वजनाने दुप्पट

इथे चुकू नका. रिकामं पातेलं काट्यावर ठेवून शून्य करा, काढा ओता, वजन बघा. १५० ग्रॅम भरला तर साखर ३०० ग्रॅम. १७० भरला तर ३४०. काढ्याच्या वजनाच्या दुप्पट साखर, हा एकच नियम. वाटीने मोजू नका, कारण वाटीभर साखर वाटीभर पाण्यापेक्षा हलकी भरते आणि सगळा हिशेब कोसळतो.

दुप्पट का, ते उन्हाळ्यात अमृत कोकम करणाऱ्या घराला वेगळं सांगायला नको. कोकमाच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवतात, साखर सालातलं पाणी ओढून घेते आणि तो गडद रस शिजवल्याशिवाय वर्षभर राहतो. सिरपातही तेच घडतं. साखर पाणी धरून ठेवते, बुरशीच्या आणि यीस्टच्या वाट्याला ते येत नाही आणि त्यांची वाढ थांबते. त्यासाठी एकूण वजनात साखर ६५ टक्क्यांच्या आसपास लागते. दुप्पट घातली की ती ६६-६७ टक्के होते. ‘गोड कमी हवं’ म्हणून दीडपट घातली तर ती ६० वर येते आणि मग ते सिरप राहत नाही, सरबत होतं. सरबत आज करायचं, आज प्यायचं. गोडी नकोच असेल तर काढा प्या, अर्धवट सिरप करू नका.

गुळाबद्दल हमखास विचारलं जातं. घाटावरून येणारा कोल्हापुरी गूळ चवीला सिरपात खरोखर छान लागतो. पण गुळात स्वतःचं पाणी असतं, कस्पटं असतात, आणि पावसात डब्यातला गूळ कसा पाघळतो ते आपण बघतोच. हवाच असेल तर साखरेच्या एक तृतीयांशापर्यंत गूळ घाला, विरघळल्यावर पुन्हा गाळा, आणि ते सिरप फ्रिजमध्ये ठेवून आठ-दहा दिवसांत संपवा.

साखर आणि लिंबाचा रस घालून मंद आचेवर ढवळत राहा. लिंबाने सिरप नंतर रवाळ होत नाही, फ्रिजमध्ये खडे धरत नाही. पूर्ण विरघळेपर्यंत उकळी येऊ देऊ नका. मग एक उकळी, दोन मिनिटं, बस. वर येणारी मळी झाऱ्याने काढून टाका. जास्त उकळलंत तर पाक होईल आणि बाटलीत खडीसाखर बसेल. ओळख अशी: बशीत थेंब टाकून निवू द्या, बोटाला लावून अंगठ्याने ओढा. चिकट लागलं, तार धरायला बघते पण लगेच तुटते, तर झालं. सरळ एकतारी आली तर दोन चमचे उकळतं पाणी घालून पुन्हा हलवा.

भरणं आणि ठेवणं

सिरप कढत असतानाच, कोमट केलेल्या बाटल्यांत भरा. गार बाटलीत ओतलं तर काच तडकते. गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा आणि फडक्याने धरून बाटली दोन मिनिटं उलटी ठेवा. बाटली गार होताना झाकणाच्या आत वाफेचे थेंब धरतात, ते वरच्या थरावर पडतात आणि तेवढाच थर पातळ होतो. बुरशी बहुतेक वेळा त्याच थरावर पहिली दिसते. कढत सिरप झाकणाला लागलं की तिथले जंतू मरतात आणि थेंब मिसळून जातात.

फ्रिजमध्ये न उघडलेली बाटली महिनाभर ठेवा, उघडलेली पंधरा दिवसांत संपवा. बाहेर ठेवायची वेळ आली तर आठवडा, त्यापुढे नको. बंद बाटली महिनाभर टिकली तरी पुढच्या सहा महिन्यांचं एकदम करू नका. आपल्याकडे फ्रिजवर भरवसा ठेवता येत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. एरवीही फांदी पडली की दोन दिवसांची निश्चिंती. दोनदा थोडं थोडं करा: एकदा मृगाच्या आधी, एकदा गणपतीनंतर, ऑक्टोबरच्या उन्हाआधी.

चमचा कोरडा. बाटलीला तोंड लावायचं नाही. बाटलीवर कागद चिकटवून तारीख आणि आत काय काय आहे ते लिहा. दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टर विचारतील आणि तेव्हा कुणालाच आठवणार नाही.

किती आणि कसं

मोठ्यांनी एक ते दोन चहाचे चमचे, म्हणजे पाच ते दहा मिली, दिवसातून दोन-तीनदा, जेवणानंतर. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धा ते एक चमचा, दोनदा. घरातले चमचे एकसारखे नसतात, औषधाबरोबर येणारं मापाचं झाकण वापरा. कोरडा खोकला असेल तर तसंच चाटा आणि वर दहा मिनिटं पाणी पिऊ नका. कफ असेल तर कपभर गरम पाण्यात घालून घोट घोट प्या. पाच दिवसांनी थांबा. रोज सकाळी ‘इम्युनिटीसाठी’ म्हणून वर्षभर पिण्याचं हे पेय नव्हे. घरात ज्येष्ठ मंडळी असतील, दमा असेल, तर पावसाळ्याआधी फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा. ते काम कुठलंच सिरप करत नाही.

मध कुठे आला नाही, असं वाटलं असेल. मध मी शिजवत नाही आणि बाटलीत मिसळतही नाही. काढ्याचं पाणी मिळालं की मध आंबायला लागतो. त्यातून आपल्याकडचा सातेरी मधमाशीचा मध आधीच पातळ. मधाचं हवं असेल तर त्या वेळी, त्या चमच्यात: आल्याचा रस अर्धा चमचा, मध एक चमचा, मिरपूड चिमूटभर, आणि लगेच चाटायचं.

बाटली उघडताना ‘फुस्स’ आवाज आला, बुडबुडे दिसले, माडीसारखा आंबूस वास आला किंवा वर पांढरी साय धरली, तर ती अख्खी बाटली टाकायची. वरची बुरशी काढून खालचं वापरायचं नाही, पुन्हा उकळून तर नाहीच. आणि टाकताना मोरीत पाण्याबरोबर सोडा. माडाच्या आळ्यात ओतलंत तर दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग थेट ओटीपर्यंत येते.